सायलेन्सरला जाळी लावली, आता गाडी सेफ? ज्वालाग्राही पदार्थांजवळ वाहनाचा धोका कसा ओळखायचा

गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतर सौदीतल्या जुबैलहून आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. दहावीला आमच्याकडे विज्ञान शिकलेला पोरगा, आता तिथे एका कंत्राटदाराकडे पिकअप चालवतो. सलाम-दुआ झाल्यावर म्हणाला, "सर, इथे प्लांटच्या गेटवर सायलेन्सरला जाळी असल्याशिवाय गाडी आत सोडत नाहीत. जाळी बसवली की स्टिकर मिळतो. काल मात्र स्टिकर असूनही सेफ्टीवाल्याने गाडी परत पाठवली. म्हणाला, आज परमिट नाही. जाळी असताना आणखी परमिट कशाला?"

आम्ही त्याला म्हटलं, बेटा, जाळी ही गाडीतल्या आठ-दहा दारांपैकी एक दार बंद करते. बाकीची उघडीच असतात. मग अर्धा तास बोललो. फोन ठेवल्यावर वाटलं, हे फक्त त्याच्या एकट्याच्या कामाचं नाही. आपल्या किती घरांतली मुलं टँकरवर ड्रायव्हर-क्लीनर आहेत, गॅरेजमध्ये मिस्त्री आहेत, लोटे, महाड, तळोजा, तारापूरच्या केमिकल कंपन्यांत माल घेऊन जातात, आखातात रिफायनरीच्या आत-बाहेर गाड्या चालवतात. त्यांना नियम सांगितले जातात, कारण क्वचितच सांगितलं जातं. कारण कळलं नाही की नियम म्हणजे सेफ्टीवाल्याची कटकट वाटू लागते.

पेटतं ते पेट्रोल नव्हे, त्याची वाफ

आधी शाळेतला धडा. द्रव पेट्रोल स्वतः पेटत नाही. त्यावरून उठणारी वाफ हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली की पेटते. पेट्रोलच्या बाबतीत हवेत साधारण १.४ टक्के ते ७.६ टक्के वाफ असेल तर ते मिश्रण पेटतं. त्याहून कमी असेल तर जळायला पुरेसा माल नाही, जास्त असेल तर पुरेशी हवा नाही. स्वयंपाकाच्या गॅसचं हे प्रमाण साधारण २ ते ९.५ टक्के, सीएनजीचं ५ ते १५ टक्के.

किती तापमानाला एखाद्या द्रवावर पेटण्याइतकी वाफ जमते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली ४० अंशांच्या आसपास आहे. म्हणजे काश्मीरच्या हिवाळ्यातही उघड्या पेट्रोलवर पेटणारी वाफ तयारच असते, मग आपल्याकडे तर विचारूच नका. डिझेल तुलनेने सभ्य. पण आपल्या मानकानुसार त्याचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असला की चालतं, आणि मे महिन्यात नागपूर-अकोल्याला हवाच ४५ अंशांवर जाते, डांबर तर त्याहून तापतं. तेव्हा "डिझेल आहे, काही होत नाही" हे वाक्य उन्हाळ्यात जपून वापरलेलं बरं. आपल्या पेट्रोलियम नियमांत २३ अंशांखाली फ्लॅश पॉइंट असलेले पदार्थ अ वर्गात, २३ ते ६५ अंशांमधले ब वर्गात धरतात. पेट्रोल अ मध्ये, डिझेल आणि रॉकेल ब मध्ये.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि आमच्या मते सगळ्यात जास्त अपघात हिच्याच अज्ञानातून होतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते. स्वयंपाकाचा गॅस दीडपट ते दुप्पट जड. हे वर उडून जात नाहीत, पाण्यासारखे उताराने वाहतात. गटारात, खड्ड्यात, तळघरात, ओढ्याच्या पात्रात जाऊन बसतात. वर्गात आम्ही हे दाखवायला पेट्रोल वापरत नाही (आणि कोणी घरी वापरू नये). खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एका भांड्यात टाकून तयार झालेला कार्बन डायऑक्साइड जळत्या मेणबत्तीवर ओततो. हातात रिकामं दिसणारं भांडं, आणि खाली मेणबत्ती विझते. मुलं दरवेळी थक्क होतात. तो वायू मेणबत्ती विझवतो. तसाच न दिसता उतरणारा पेट्रोलचा वायू मेणबत्ती शोधत जातो. सीएनजी मात्र उलट, हलका. तो छताखाली जमतो.

थोडं गणित करू. घरातल्या १४.२ किलोच्या सिलिंडरमधला सगळा गॅस बाहेर आला तर जवळपास साडेसहा घनमीटर वायू होतो. तो २ टक्क्यांपर्यंत पातळ होईस्तोवर पेटू शकतो, म्हणजे तीनशे घनमीटरच्या वर हवा. दहा बाय दहाच्या अकरा खोल्या भरतील. रस्त्याने जाणाऱ्या १८ टनी गॅस टँकरमध्ये असे साडेबाराशे सिलिंडर मावतात.

गाडीत आग कुठे कुठे लपलेली असते

वाफ पेटायला फार मोठी ठिणगी लागत नाही. पाव मिलीजूलच्या आसपासची ऊर्जा पुरते. थंडीत लोकरीचा स्वेटर काढताना जो चटका बसतो, त्यात त्याच्या कितीतरी पट ऊर्जा असू शकते. आता या हिशेबाने गाडीकडे बघा.

किल्ली फिरवली की स्टार्टर मोटरमध्ये ठिणग्या उडतात, रिले टकटक करतो. इंजिन चालू झाल्यावर पेट्रोलच्या गाडीत इग्निशन कॉइलची जोडणी सैल असेल तर ती बाहेर ठिणगी टाकते. बॅटरीचं टर्मिनल ढिलं असेल तर तिथे. ब्रेक दाबला की दिव्याचा स्विच, हॉर्न, वायपरची मोटर, काच वरखाली करणारी मोटर, दार उघडताच लागणारा आतला दिवा. म्हणजे इंजिन बंद असलेली गाडीसुद्धा पूर्ण गप्प नसते; रिमोटचं बटण दाबलं तरी आत कुठेतरी मोटर फिरते.

मग उष्णता. पेट्रोल गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चालताना ४०० ते ६०० अंशांपर्यंत सहज तापतो. पेट्रोलची वाफ बंदिस्त भांड्यात साधारण २५० ते ३०० अंशांना ठिणगीशिवायही पेट घेते; मोकळ्या हवेत त्याहून बरंच जास्त तापमान लागतं, पण गाडीखालच्या बोळकंडीत ते अशक्य नाही. गंमत म्हणजे या बाबतीत सभ्य डिझेल जास्त अवघड. ते आपोआप पेटायला पेट्रोलपेक्षा कमी तापमान लागतं. डिझेलची नळी फुटून फवारा तापलेल्या टर्बोवर पडला की ठिणगीची गरजच नसते.

सायलेन्सरमधून कधीकधी काजळीचे निखारे बाहेर पडतात, खासकरून जुन्या डिझेल गाड्यांतून. ती जाळी, जिला स्पार्क अरेस्टर म्हणतात, ती फक्त हे निखारे अडवते. स्टार्टर, बॅटरी, तापलेला पाइप यांचं ती काहीही करू शकत नाही.

आणि एक दार राहिलं, जे बहुतेकांना ठाऊकच नसतं. इंजिन हवा ओढतं. त्या हवेतच गॅस मिसळलेला असेल तर डिझेल इंजिनला आपसूक जादा इंधन मिळतं. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना ते वेग घेतं, किंचाळू लागतं, आणि किल्ली काढली तरी बंद होत नाही. कारण किल्ली डिझेलचा पुरवठा तोडते, हवेतून येणारा पुरवठा नाही. ते थांबवायचं तर हवाच तोडावी लागते. म्हणून तेल आणि वायूच्या क्षेत्रांत आत जाणाऱ्या डिझेल वाहनांना आणि जनरेटरना हवेच्या पाइपवर बंद करणारी झडप बसवायला लावतात. ड्रायव्हर भावांनी हे लक्षात ठेवावं: प्लांटमध्ये उभ्या गाडीचं इंजिन स्वतःहून रेस होऊ लागलं तर तो गाडीचा बिघाड नाही. तुमच्याभोवती गॅस आहे. गाडी सोडा, वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघा.

पंचवीस फुटांवरची पिकअप

हे पुस्तकी नाही. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेत टेक्सास सिटी इथल्या बीपीच्या रिफायनरीत दुपारी एक वाजून वीस मिनिटांच्या सुमारास हेच घडलं. एक युनिट बंद ठेवून पुन्हा सुरू केलं जात होतं. उंच टॉवरमध्ये प्रमाणापेक्षा जास्त द्रव भरला गेला, तो सेफ्टी व्हॉल्व्हमधून एका जुन्या पद्धतीच्या ड्रममध्ये गेला आणि त्याच्या उंच चिमणीतून कारंज्यासारखा बाहेर पडून खाली कोसळला. जमिनीवर वाफेचा ढग पसरला. त्या ड्रमपासून सुमारे २५ फुटांवर एक डिझेल पिकअप इंजिन चालू ठेवून उभी होती. इंजिन रेस झालं. आत बसलेल्या दोघांना ते बंद करता आलं नाही, ते उतरून पळाले. क्षणांत स्फोट. १५ माणसं गेली, १८० जखमी झाली. गेलेले जवळच्या तात्पुरत्या ट्रेलर-ऑफिसांत किंवा त्यांच्या आसपास काम करत होते.

अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने केलेल्या तपासात ठिणगीचं सर्वांत संभाव्य कारण म्हणून त्या पिकअपकडेच बोट दाखवलं गेलं. मूळ दोष अर्थातच पिकअपचा नव्हता. टॉवर भरून वाहणं, निकामी मोजमापं, थकलेली माणसं, जुनाट ड्रम, तोही लोक बसतात तिथून इतका जवळ, हे सगळं व्यवस्थापनाचं. पण एक प्रश्न उरतोच: सुरू होत असलेल्या युनिटच्या पायथ्याशी चालू गाडी उभी राहू कशी दिली? सुरू करणं आणि बंद करणं, हेच तर प्लांटचे सगळ्यात नाजूक तास.

अंदाज बांधतात कसा

ज्या जागी वाफ कायम किंवा बराच काळ असते, उदाहरणार्थ टाकीच्या आत, तिला झोन ० म्हणतात. नेहमीच्या कामात अधूनमधून येऊ शकते तो झोन १. काही बिघडलं तरच आणि थोडाच वेळ येईल तो झोन २. नकाशावर या सीमा आखलेल्या असतात. आपल्या देशात अशा जागी वापरायच्या विजेच्या उपकरणांना मंजुरी देणारी संस्था पेसो, आणि तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. साधा दिवासुद्धा तिथे खास लागतो. मग साधी गाडी त्या रेषेच्या आत कशी चालेल? उत्तर असं की चालत नाही. तिला त्या वेळेपुरती, त्या दिवसापुरती सवलत देतात. त्या सवलतीचं नाव परमिट.

परमिट देणारा माणूस, निदान प्रामाणिकपणे देणारा, आधी हे विचारतो की गाडी आत नेणं खरंच गरजेचं आहे का. बऱ्याचदा हातगाडीने काम भागतं. मग आत काय आहे, ते कुठून गळू शकतं, आज तिथे कोणी नळी उघडणार आहे का, टाकीतलं पाणी काढणार आहे का, शेजारी टँकर भरला जातोय का. वारा कुठून कुठे, जमिनीचा उतार कुठे. गाडी कोणत्या वाटेने येईल, किती वेळ थांबेल, इंजिन बंद ठेवून काम होईल का. त्यानंतर गॅस मीटरने तपासणी. मीटर टक्केवारी दाखवतो ती पेटण्याच्या खालच्या सीमेची. म्हणजे पेट्रोलसाठी १०० दाखवलं तर हवेत १.४ टक्के वाफ. सर्वसाधारणपणे १० च्या आत असलं तरच पुढचं बोलतात, आणि कित्येक ठिकाणी शून्यच लागतं. मीटर जमिनीलगत धरायला हवा. कमरेएवढ्या उंचीवर धरून "ओके" म्हणणारे महाभाग असतात, जड वायूच्या बाबतीत त्या ओकेला काही किंमत नाही. शिवाय मीटर आत्ताचं आणि इथलं सांगतो. अर्ध्या तासाने वारा फिरला तर तो आकडा शिळा.

आमच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी कारण कळलं. त्या दिवशी त्याच्या वाटेवरच्या एका लाइनचं फ्लँज उघडायचं काम होतं. स्टिकर गाडीबद्दल होता, परमिट दिवसाबद्दल.

इलेक्ट्रिक गाडीचं काय, असंही त्याने विचारलं. तिला सायलेन्सर नाही, हवा ओढणं नाही, हे दोन मुद्दे तिच्या बाजूचे. पण मोटर, रिले, कॉन्टॅक्टर, चार्जिंगची जोडणी हे सगळं विजेचंच. साधी इलेक्ट्रिक गाडी किंवा फोर्कलिफ्ट झोनमध्ये निर्धोक ठरत नाही. त्यासाठी ज्वालारोधक बनावटीची वेगळी येते.

रेषेबाहेर उभी असलेली गाडी

ही रेष नेहमीच्या दिवसांसाठी आखलेली असते. मोठी गळती रेष बघत नाही. २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरजवळ सीतापुरा इथल्या इंडियन ऑइलच्या डेपोत पेट्रोल गळू लागलं. सुमारे सव्वा तास गळत राहिलं, संध्याकाळची वेळ, वारा मंद. ढग पसरत गेला आणि मग एकाच धडाक्यात सगळं पेटलं. आग अनेक दिवस धुमसत होती. चौकशी समितीने ठिणगीच्या दोन शक्यता सांगितल्या: ऑफिसच्या इमारतीतलं साधं, ज्वालारोधक नसलेलं विजेचं उपकरण, किंवा आवारात सुरू केली गेलेली एखादी गाडी. घाबरून गाडीकडे धावणं, किल्ली फिरवणं, हे किती माणसासारखं आहे! आणि त्या क्षणी तेच सगळ्यात घातक.

म्हणून चांगल्या कंपन्यांत सायरन वाजल्यावर गाडी जिथे आहे तिथेच, इंजिन बंद करून, किल्ली आतच ठेवून पायी निघायला सांगतात. नव्या ड्रायव्हरला वाटतं, गाडी मालकाची आहे, वाचवली पाहिजे. नको. मालक दुसरी घेईल.

आपल्या गल्लीत, आपल्या हायवेवर

मुंबई-गोवा महामार्गावर हातखंबा, निवळीच्या वळणांवर गॅसचे टँकर उलटल्याच्या बातम्या आपण वाचतोच. असं झालं की पहिली धाव बघ्यांची, आणि तीही बाइकवरून. २५ जून २०१७ रोजी पाकिस्तानात बहावलपूर जिल्ह्यातल्या अहमदपूर शर्कियाजवळ पेट्रोलचा टँकर उलटला. दुसऱ्या दिवशी ईद होती. आसपासच्या गावांतून लोक बादल्या, डबे, बाटल्या घेऊन आले, कित्येक मोटारसायकलींवर, लहान मुलंही. आग लागली आणि २०० हून जास्त माणसं गेली. ठिणगी नेमकी कशाची यावर वेगवेगळं सांगितलं गेलं. खरं म्हणजे एवढ्या गर्दीत आणि एवढ्या इंजिनांत कुठलीही एक पुरली असती.

दुरून उलटलेला टँकर दिसला तर जवळ जाऊन व्हिडिओ काढू नका. गाडी तिथेच थांबवा आणि मागे फिरवा. टँकरच्या पाठीमागे आणि बाजूला एक चौकोनी फलक असतो, त्यावर चार आकडी नंबर: १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ स्वयंपाकाचा गॅस. फोनवर पोलिसांना किंवा अग्निशमन दलाला हा नंबर सांगितला तर त्यांचं अर्धं काम सोपं होतं. तो वाचायलासुद्धा जवळ जायचं नाही. मोबाइलचा कॅमेरा लांबूनच झूम करून दिसेल तेवढं पुरे. गॅस टँकर नुसता गळत असेल तर वाऱ्याच्या दिशेने ८०० मीटरपर्यंतचा भाग रिकामा करायचा विचार करतात, पेटला असेल तर चहूबाजूंनी १६०० मीटर.

गॅरेजवाल्या भावांसाठी एक वेगळा मुद्दा, गाडीखाली उतरायच्या पिटचा. पेट्रोलची टाकी पिटवर गाडी उभी करून रिकामी करू नका. सांडलेल्या पेट्रोलची वाफ पिटमध्ये उतरते आणि तिथेच बसते, मिस्त्रीच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. मग हातातला साधा बल्ब खाली पडून फुटला की झालं. टाकीचं काम उघड्यावर, बॅटरीची वायर आधी काढून. सुटे भाग पेट्रोलने धुण्याची सवयही सोडायला हवी. घरगुती सिलिंडरमधून रिक्षात गॅस भरणाऱ्यांना तर काय सांगावं, ते बेकायदा आहे हे त्यांनाही माहीत आहे. एवढंच, की तो पाइप सुटतो तेव्हा गॅस रिक्षाच्या खालीच साचतो आणि रिक्षावाला घाबरून आधी सेल्फ मारतो.

पेट्रोल पंपावर मोबाइलवरून वाद घालणारे आम्ही पाहिलेत, पण मागच्या बाइकचं इंजिन चालू आहे याकडे कोणाचं लक्ष नसतं. टाकी ओसंडून पेट्रोल इंजिनवर सांडलं तर लगेच किक मारू नका. बाइक हाताने ढकलत लांब न्या, वाळू द्या, मग सुरू करा. पंपावर टँकर खाली होत असेल, म्हणजे अर्थिंगची वायर जोडलेली आणि चाकांखाली ठोकळे दिसले, तर दहा-पंधरा मिनिटं बाहेर थांबायला काही बिघडत नाही. त्या वेळी टँकरवाल्याला इंजिन बंद ठेवावं लागतं, बॅटरीचा मुख्य स्विचही तोडावा लागतो. मग आपण शेजारून सेल्फ मारत का जावं?

शेवटी मोहल्ल्यांसाठी. हायवेलगतच्या किंवा एमआयडीसीजवळच्या वस्तीत गळती झाली तर सगळ्यांत लवकर सगळ्यांपर्यंत पोहोचणारा आवाज मशिदीच्या माइकचा असतो. अनेक ठिकाणी जमातीने पुरात, वादळात तो वापरला आहे. माइकवर काय बोलायचं हे मात्र आधी ठरलेलं असावं, कारण "सगळे लवकर निघा" एवढंच म्हटलं तर शंभर गाड्या एकदम सुरू होतील. आम्ही आमच्या जमातीच्या ऑफिसात एक कागद लावायला सांगितला आहे. त्यावर लिहिलंय: गॅस गळतोय. कोणीही गाडी, बाइक, जनरेटर सुरू करू नका. चूल, शेगडी विझवा, दिव्यांच्या बटणांना हात लावू नका. ओढ्याच्या आणि गटाराच्या बाजूने जाऊ नका. वाऱ्याच्या आडव्या दिशेने, चढाकडे, पायी चला. म्हातारी माणसं आणि मुलं आधी. खाली तीन नंबर: सगळ्यासाठी ११२, आगीसाठी १०१, स्वयंपाकाच्या गॅसच्या गळतीसाठी १९०६. आणि कंसात मुअज्जिनसाहेबांसाठी एक ओळ: मशीदच ढगात असेल तर माइकही लावू नये, मुलांना पायी घरोघर पाठवावं.